सासूबाईंचे बत्तीस तुकडे

पन्नाशी ओलांडली की पुरुष एक तर मोटरसायकल घेतो नाहीतर ध्यानाला बसतो, असं माझ्या बायकोचं मत आहे. मी सॅम्पलर घेतला. जुनाच, एका विद्यार्थ्याकडून, हॅनोव्हरच्या स्टेशनबाहेर उभ्या उभ्या. घरी आणून टेबलावर ठेवला तेव्हा बायकोने त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "अहो, हे नेमकं करतं काय?"

मी समजावलं. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, वर रबराची सोळा चौकोनी बटणं, त्यांना पॅड म्हणायचं. कुठलाही आवाज पेटीत भरायचा, त्याचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा एकेका पॅडवर बसवायचा. पॅडवर बोट मारलं की तो तुकडा वाजतो. मग तुकडे हवे तसे पुढेमागे करून नवीनच काहीतरी वाजवायचं.

"म्हणजे भाजी चिरल्यासारखं."

"गेनाऊ, अगदी तस्संच," मी खूश होऊन म्हणालो.

"मग भाजीच का नाही चिरत?"

पण हौस ती हौस. शिवाय हे काही अगदीच माझ्या धंद्याबाहेरचं नव्हतं. मी गेली तीस वर्षं इथे गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका कंपनीत आवाज ऐकायचं काम करतो. गिअरबॉक्स नीट चालला तर त्याचा आवाज माझ्यापर्यंत येतच नाही. बिघडला की येतो. मी हेडफोन लावून ऐकतो आणि सांगतो की हा आवाज अमक्या दात्याचा, तो तमक्या बेअरिंगचा. नको असलेला आवाज शोधणं यावर माझं घर चालतं, आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान आहे, असं घरचे म्हणतात.

सहा महिने मी पेटीत काय काय भरलं. पाण्याची किटली, ट्रामचं दार, बायकोचं "अहो". शेवटचं फार छान वाजत होतं, पण जप्त झालं.

मग मुलीचं लग्न ठरलं.

मुलगी इथेच जन्मली. मराठी सगळं समजतं, अगदी टोमणेसुद्धा, पण उत्तर जर्मनमध्ये देते. नवरा मुलगा इथलाच, जर्मन, साधासरळ आणि माझ्यापेक्षा वेळेवर येणारा. रजिस्ट्रेशन श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे इथल्या नोंदणी कचेरीत, होणार होतंच. त्यानंतर आपल्या पद्धतीचं लग्न करायचं का, असं आम्ही भीत भीत विचारलं, तर मुलगी म्हणाली, "या, क्लार," म्हणजे हो, अर्थातच. आणि एकच अट घातली. मंगलाष्टका आजीनेच म्हणायच्या. ओहने आजी, कुछ नही. तिच्या तीन भाषांचं हे मिश्रण मला चांगलंच समजलं. आजी नाही तर लग्न नाही.

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. राहतात साताऱ्याला, माझ्या मेहुण्याकडे. वय ऐंशीच्या पुढे. चाळीस वर्षं त्यांच्या भागात एकही लग्न त्यांच्या मंगलाष्टकांवाचून लागलेलं नाही. नुसत्या म्हणायच्या नाहीत, स्वतः रचायच्या. नवरीचं माहेर, नवरदेवाची नोकरी, दोन्हीकडची कुलदैवतं, सगळं वृत्तात बसवायच्या. आणि त्यांचा एक नियम होता. एक ओळ, एक श्वास. ओळीच्या मध्येच श्वास घेणारी बाई त्यांच्या लेखी गाणारीच नव्हे. एका लग्नात मुलाकडच्या कोणा बाईने तिसऱ्या ओळीत श्वास घेतला, ती गोष्ट त्या अजून सांगतात आणि सांगताना अजून मान हलवतात.

आता त्यांना इथे येणं शक्य नव्हतं. गुडघे. शिवाय विमानातलं जेवण. मग व्हिडिओ कॉलवरून म्हणा, असं आम्ही सुचवलं.

"त्याचं काही खरं नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं नेट अडकलं की माझं सावधान तिकडे पोचेपर्यंत त्यांना मूल व्हायचं. मी रेकॉर्ड करून पाठवते. जावईबापू, तिथली नदी कोणती?"

"लाइने," मी म्हणालो.

"लहान नाव आहे. पण कृष्णेनंतर बसेल."

पंधरा दिवसांनी मेहुण्याने रेकॉर्डिंग पाठवलं. त्रेचाळीस मिनिटांचं. आठ कडवी, प्रत्येकी चार ओळी आणि शेवटी सावधान. याला बारा मिनिटं पुरतात. उरलेल्या एकतीस मिनिटांत कुकरच्या शिट्ट्या होत्या, दारावरची बेल होती, "अगं दूध बघ", "पंखा बारीक कर", "तो चष्मा कुठे गेला माझा" असं सगळं होतं. लग्नाच्या हॉलमध्ये हे लावलं असतं तर नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभ्या उभ्या झोपली असती.

आता कापाकापी करणं भाग होतं, आणि घरात कापाकापीचं यंत्र होतं. मी आनंदाने वेडा झालो. बायको म्हणाली, "अहो, कॉम्प्युटरवर नीट करून मोबाइलवर लावा की. पेटी कशाला?" मी तिला शांतपणे समजावलं की मंगलाष्टकेच्या प्रत्येक कडव्यानंतर अक्षता पडतात, लोक कुजबुजतात, फोटोवाला कोणाला तरी बाजूला सरकवतो. सगळं स्थिरावल्यावरच पुढचं कडवं सुरू व्हायला हवं. त्यासाठी माणसाचं बोट पाहिजे. हे खरंच होतं. पण मला पाहुण्यांसमोर पॅड बडवायचे होते, हेही खरं होतं.

सॅम्पलरला लांबलचक रेकॉर्डिंग एका घासात गिळता येत नाही. त्याचे आधी पाच-पाच मिनिटांचे ढोबळ भाग करावे लागतात. मग प्रत्येक भागाचे बारीक तुकडे. पेटीत एक सोय आहे की ती स्वतःच ऐकते आणि जिथे आवाज एकदम चढतो तिथे सुरी चालवते. मी मोठ्या विश्वासाने तिच्यावर काम सोपवलं. तिने पहिल्याच फटक्यात सोळा पॅड भरून दिले. त्यांत दोन सावधान, सात शिट्ट्या, चार वेळा बेल आणि तीन वेळा "अगं" होतं. मंगलाष्टकेची एकही ओळ धड नव्हती. आपल्या घरात चढा आवाज कशाला लागतो याची त्या जपानी यंत्राला कल्पना नसणार.

तेव्हा हाताने कापायला बसलो. दर रविवारी दुपारी जेवण झालं की हेडफोन लावायचा आणि काड्यापेटीएवढ्या पडद्यावर सासूबाईंच्या आवाजाचे डोंगर बघत बसायचं. एक गोल बटण फिरवून तुकड्याची सुरुवात पुढेमागे करायची, दुसरं फिरवून शेवट. ओळ कुठे सुरू होते, कुठे संपते. केसाएवढं इकडेतिकडे झालं तर पहिलं अक्षर तुटतं. मला ते काम भयंकर आवडत होतं.

तिसऱ्या कडव्यावर माझी बोटं थांबली.

झालं असं की तिथे सासूबाई ओळीच्या मध्येच थांबल्या होत्या आणि मग कुकरची शिट्टी झाली होती. मला वाटत होतं की शिट्टी झाली म्हणून त्या थांबल्या. पडद्यावर नीट पाहिलं तर क्रम उलटा होता. आधी थांबल्या. मग बराच वेळ काही नाही. मग शिट्टी. आणि मग त्या म्हणाल्या, "बघ, हा कुकर मेला काही म्हणू देत नाही."

ज्या माणसाने तीस वर्षं बिघाड ऐकलेत त्याला राहवत नाही. मी आवाज मोठा केला. त्या "काही नाही"मध्ये श्वास होता. बारीक, घरघरणारा, जिना चढून आल्यासारखा. मग मी मागचं सगळं पुन्हा ऐकलं. दूध, पंखा, चष्मा, प्रत्येकाच्या आधी तोच श्वास. चार शब्द म्हणायच्या, दम संपायचा, मग ओरडायला काहीतरी निमित्त काढायच्या आणि तेवढ्यात दम गोळा करायच्या. मग ओळ पहिल्यापासून. एक ओळ पाच वेळा म्हटली होती आणि पाचव्यांदा ती एका श्वासात पूर्ण झाली होती. त्या ओळीत आमची लाइने नदी होती.

मी हेडफोन काढून ठेवला. मला फार वाईट वाटलं. गुडघे, विमानातलं जेवण, नेट, ही सगळी दूध आणि चष्म्याचीच भावंडं होती. त्यांना आता एका श्वासात म्हणता येत नव्हतं, आणि ते कोणालाही कळू द्यायचं नव्हतं. नातीला तर मुळीच नाही.

बायको आतून म्हणाली, "काय झालं? बिघडलं का खेळणं?"

मी नाही म्हणालो. तिला सांगितलं असतं तर ती पहिल्या विमानाने साताऱ्याला गेली असती, सासूबाईंना डॉक्टरकडे ओढलं असतं आणि सासूबाईंनी आयुष्यभर माझं तोंड पाहिलं नसतं. (आता हे छापून आल्यावर तिला कळेलच. तेव्हाचं तेव्हा बघू.) मेहुण्याला मात्र गुपचूप फोन केला. तो म्हणाला, डॉक्टर सगळं बघतायत, औषध चालू आहे, विमानाला मनाई आहे, पण आईने शपथ घातलीय. म्हणजे शपथेत आता आम्ही दोघं झालो.

मग मी सासूबाईंनाच फोन लावला.

"आई, रेकॉर्डिंग छान आहे. थोडी काटछाट करतोय."

"एक अक्षर कापायचं नाही हं. अष्टक आहे ते."

"अक्षर नाही. फक्त मधल्या शिट्ट्या. आणि ते दूध वगैरे."

मग त्या म्हणाल्या, "शिट्ट्या काढा." आणि थोडं थांबून, "दूधही काढा."

फोन ठेवला गेला.

त्यानंतरचे तीन रविवार मी जे केलं ते गिअरबॉक्ससाठीही कधी केलं नव्हतं. जिथे पूर्ण ओळ मिळाली तिथे ती घेतली. जिथे नाही, तिथे पहिल्या वेळचं अर्धं आणि चौथ्या वेळचं अर्धं असं जोडलं, सांधा दिसणार नाही इतकं घासलं. शेवटी बत्तीस तुकडे झाले, एक ओळ एक तुकडा, आणि एक ओळ एक श्वास. तेहतिसावा तुकडा म्हणजे सावधान. पॅड सोळाच असले तरी एक बटण दाबलं की त्यांवर तुकड्यांचा पुढचा संच येतो. आठ सावधानांपैकी सगळ्यात खणखणीत निवडला आणि आठही वेळा तोच वापरायचा ठरवला. बायकोने ऐकलं आणि तिचे डोळे भरून आले.

"बघा माझी आई! आणि तुम्ही म्हणता थकली."

मी असं कधी म्हणालो नव्हतो. पण पेटी बंद करून ठेवली.

लग्नाचा हॉल माझ्या व्याह्यांनी मिळवला. ते त्यांच्या गावातल्या नेमबाजी क्लबचे जुने सभासद. हॉल क्लबचाच, भिंतीवर ढाली आणि हरणाची शिंगं. व्याही शिस्तीचे. अक्षता म्हणजे काय, त्या कधी टाकायच्या, किती टाकायच्या, हे त्यांनी मला बसवून विचारून घेतलं. मी म्हणालो, सावधान ऐकू आलं की टाकायच्या, आठ वेळा, किती टाकायच्या याला काही हिशोब नाही. हे शेवटचं त्यांना पटलं नाही. लग्नाच्या दिवशी पाहतो तर प्रत्येक जर्मन पाहुण्याच्या खुर्चीवर कागदाच्या आठ पुड्या, त्यांवर एक ते आठ आकडे, आणि सोबत छापील सूचना. सकाळी त्यांनी क्लबच्या मंडळींची एक तालीमही घेतली. मी लांबून पाहिली. साठ माणसांचे हात एकदम वर जात होते. आमच्याकडच्यांनी असा एकसाथ हात कधी जेवणालाही उचललेला नाही.

मुहूर्त अकरा बावन्नचा. बारा मिनिटांच्या मंगलाष्टका, म्हणजे अकरा चाळीसला सुरुवात. व्याह्यांनी ते वहीत लिहून घेतलं होतं.

आता माझ्याकडून झालेला मूर्खपणा सांगतो. सकाळी मी पेटी लावून सगळे तुकडे तपासले. सगळं चोख होतं. तेवढ्यात नवरदेवाचे दोन मित्र आले. त्यांतला एक नाइट क्लबात गाणी वाजवणारा. त्याने माझा सॅम्पलर पाहिला आणि म्हणाला, अरे वा, हा तर दुर्मीळ आहे. झालं. माझी छाती फुगली. मी त्याला सासूबाईंचं सावधान ऐकवलं. मग ते लूपवर टाकलं, म्हणजे तुकडा संपला की आपोआप पुन्हा पहिल्यापासून वाजतो, आणि त्याखाली किटलीचा ठेका दिला. दोघं नाचलेसुद्धा. त्यांच्यात मीही थोडासा. मग बायकोने धोतर नेसायला हाक मारली आणि मी तसाच उठून गेलो.

अकरा चाळीसला अंतरपाट धरला गेला. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला जावई. मागच्या मोठ्या पडद्यावर साताऱ्याहून सासूबाई, नऊवारीत, नथ घालून. त्या फक्त बघायला होत्या. आपल्याकडे नवरीच्या आईने मंगलाष्टकांच्या वेळी समोर थांबायचं नसतं, तुळशीला पाणी घालत बसायचं असतं. तुळस इथे कुठून आणणार, म्हणून बायको सुपरमार्केटमधल्या बाझिलिकुमची, म्हणजे तुळशीच्या इथल्या बहिणीची, कुंडी घेऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये कॉफी मशीनशेजारी जाऊन उभी राहिली. म्हणजे मला वेळेवर ओरडणारं माणूस नेमकं बाहेर.

पहिल्या चार ओळी सुरेख गेल्या. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मग मी ऐटीत सावधानच्या पॅडवर बोट मारलं.

"सावधान!" साठ हात वर गेले, पहिली पुडी रिकामी झाली. "सावधान!" दुसरी. मला काय चाललंय ते समजेना. "सावधान! सावधान!" लूप! मी पॅड पुन्हा दाबला. तो थांबायला हवा होता, आणि थांबलाही, पण घाबरून मी दोनदा दाबला होता, त्यामुळे लगेच परत सुरू झाला. इकडे क्लबची मंडळी हुकमाची पक्की. दर सव्वा सेकंदाला नवी पुडी, दातांनी फाडून. आठव्या सावधानला सगळ्यांचा साठा संपला आणि तांदळाच्या धुरळ्यातून जावई डोळे चोळताना दिसला. मराठी मंडळी पोट धरून हसत होती. पडद्यावर सासूबाईंनी गालावर हात ठेवला होता.

मी पेटीची वायरच उपटली.

एकदम शांत झालं. कोणाच्या तरी डोक्यावरून तांदूळ घरंगळून जमिनीवर पडत होते, तेवढाच आवाज. मी वायर परत लावली. सकाळचा तो लूप मी कुठे जपून ठेवला नव्हता, त्यामुळे पेटी आता पुन्हा जुन्या, शहाण्या अवस्थेत सुरू होणार होती. पण तिला उठायला पाऊण मिनिट लागतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मनात म्हणत मी त्या काड्यापेटीएवढ्या पडद्याकडे बघत होतो.

तेवढ्यात माझी मुलगी अंतरपाटाच्या मागून मोठ्या पडद्याकडे वळली आणि ओरडली, "आजी! सिंग डू! बिट्टे!"

सासूबाईंना जर्मन येत नाही. पण 'तू म्हण ना, प्लीज' एवढं त्यांना समजलं. सगळ्या हॉललाच समजलं. कोणीतरी टाळ्यांवर "आ-जी, आ-जी" सुरू केलं, फुटबॉलच्या मैदानावर करतात तसं, आणि व्याह्यांसकट सगळे त्यात सामील झाले. त्या एवढ्या गलक्यात मला फक्त सासूबाईंचा चेहरा दिसत होता. त्यांचा हात गळ्याशी गेला. त्या हसत होत्या, पण डोळे हसत नव्हते. नातीने मागितलंय आणि नाही म्हणता येत नाही. इकडे दीडशे माणसं ऐकायला बसलेली. ज्यासाठी त्यांनी त्रेचाळीस मिनिटं कुकरवर ओरडून काढली, ते आता सगळ्यांदेखत उघडं पडणार होतं, आणि ते माझ्यामुळे.

त्यांनी पदर सारखा केला आणि तोंड उघडलं.

कॉलचा आवाज ज्या बटणाने हॉलमध्ये येत होता ते माझ्यासमोर होतं. मी ते शून्यावर आणलं. पडद्यावर त्यांचे ओठ हलले, चार शब्दांपुरते, आणि थांबले. खांदे वर आले. पेटी सुरू झाली. मी पहिल्या ओळीचा पॅड दाबला.

हॉलमध्ये त्यांचा आवाज घुमला, सलग, सगळं छप्पर भरून टाकणारा. साताऱ्याला तो एक-दीड सेकंदाने पोचला असावा. त्या दचकल्या. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. मला तर ते सरळ माझ्याकडेच पाहिल्यासारखं वाटलं. आणि सासूबाईंचे ओठ ओळीच्या मागोमाग हलायला लागले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत वाजवत होतो. ओठ मिटले, त्यांनी दम घेतला, खांदे खाली आले, की पुढची ओळ. आवाज आधी आणि तोंड नंतर, असं सगळं चाललेलं, पण व्हिडिओ कॉलवर दुसरं काय असतं? माझ्या शेजारी बसलेल्या एका बाई सहानुभूतीने म्हणाल्या, "टिपिश. डास नेट्झ," म्हणजे नेटचं हे नेहमीचंच. मी जोरजोरात मान हलवली.

पहिल्या कडव्यानंतर सावधान एकदाच वाजलं. साठ हात वर गेले आणि तसेच राहिले, कारण पुड्या रिकाम्या. व्याही उठून गरजले, "नाखलाडेन!" म्हणजे पुन्हा भरा. मग क्लबची सगळी मंडळी गुडघ्यांवर बसून जमिनीवरचे तांदूळ गोळा करायला लागली. दोघांनी तर जावयाच्या कॉलरमधून काढले. प्रत्येक कडव्यानंतर हाच कार्यक्रम. तांदळात हळूहळू केकचा चुराही मिसळला गेला.

पाचव्या कडव्याच्या सुरुवातीला व्याही माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि घड्याळावर बोट आपटायला लागले. अकरा बावन्न टळत होती. आमच्यातल्या एकालाही त्या मुहूर्ताची एवढी काळजी नव्हती. त्या माणसापुढे माझा धीर सुटला आणि मी चारही ओळी एकापाठोपाठ एक दाबल्या. पडद्यावर सासूबाईंची धांदल उडाली. एका ठिकाणी तर आवाज संपला आणि तोंड चालूच. सहाव्याला मी व्याह्यांकडे पाठ केली.

आठवं सावधान झालं, अंतरपाट बाजूला झाला, माळा पडल्या, आणि दीडशे माणसं उभी राहून पडद्याकडे बघत टाळ्या वाजवायला लागली. मुलगी पडद्याला लगटून रडत होती. सासूबाईंनी दोन्ही हात जोडले. मुहूर्त टळून साडेचार मिनिटं झाली होती, हे मला नंतर व्याह्यांच्या वहीतून कळलं.

बायको बाझिलिकुमची कुंडी छातीशी धरून धावत आत आली.

"आईने लाइव्ह म्हटलं? मी बाहेरून सगळं ऐकलं हो! एका ओळीत सुद्धा मध्ये श्वास नाही!"

"नाही ना," मी म्हणालो.

त्यानंतर चार दिवसांनी सासूबाईंचा फोन आला. बायको कामावर गेली होती, आणि ती त्या वेळी घरी नसते हे त्यांना चांगलं माहीत आहे. आधी जावयाच्या डोक्यातले तांदूळ निघाले का ते विचारलं. मग व्याही बरे आहेत ना. मग साताऱ्यात पाणी एक दिवसाआड येतं ते. मी सगळ्याला हो हो म्हणत होतो. वाटलं, तो विषय निघणारच नाही, आणि न निघालेलाच बरा.

"एक सांगू का, जावईबापू?" त्या म्हणाल्या. "पाचव्या कडव्यात तुम्ही घाई केलीत. मला धावावं लागलं."

मी म्हणालो, "चुकलंच, आई."

"बाकी बरं वाजवलंत." मग तोच बारीक श्वास ऐकू आला, आणि या वेळी त्यांनी तो झाकायला कुकर, दूध, काहीच आणलं नाही. दम मिळाल्यावर म्हणाल्या, "नातीला मूल होईल तेव्हा बारशाला पाळणा लागेल. सोळा ओळींचा रचलाय. त्यांची घाई नाही, पण माझी आहे. रोज एक ओळ म्हणून पाठवते. तुमच्या त्या डब्यात नीट ठेवाल?"

मी ठेवीन म्हणालो. त्यांनी मुलगा-मुलगी दोन्हीला चालेल असा रचलाय, नावाची जागा मोकळी सोडलीय. रोज सकाळी मी ऑफिसला निघायच्या वेळेला एक ओळ येते. काल नववी आली, मधल्या श्वासासकट. अजून मी एकही कापायला घेतलेली नाही.